आईचा दम्याचा पंप: कापूस वेचणीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. आईला जुना दमा. कापूस घरात आला की तिची छाती भरायची, रात्र बसून जायची. गेल्या वेचणीत डॉक्टरांनी दोन औषधं दिली: बुडेसोनाइडच्या 200 मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूल, यंत्रात घालून सकाळ-संध्याकाळ ओढायला, आणि धाप लागली तरच घ्यायला साल्ब्युटामॉलचा निळा पंप.

गावात निळ्यालाच खरं औषध मानतात. काही मिनिटांत दम मोकळा होतो, मग माणूस दुसरं कशाला ओढेल? पण श्वासनळीतली सूज त्यानं उतरत नाही. ती उतरवतं बुडेसोनाइड, तेही हळूहळू, रोज घेतलं तर आठवड्यांनी. ओढल्याबरोबर काही जाणवत नाही, म्हणून कित्येक घरांत ते फडताळातच पडून राहतं. दम्याच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेनं 2019 पासून मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. आमच्याकडे ते अजून पोचलेलं नाही.

शेजारच्या काकू तर कॅप्सूल पाण्यासोबत गिळत होत्या. चिठ्ठीवर ‘सकाळी 1, संध्याकाळी 1’ एवढंच लिहिलेलं. आईनं यंत्र दाखवलं तेव्हा म्हणाल्या, “बाप्पा, म्हणजे हे पोटात नाही जात?” त्यांना कोणीच करून दाखवलं नव्हतं, याचा मला फार राग येतो.

कॅप्सूलचं यंत्र जोरात आणि खोल ओढायचं, दाबायचा पंप मात्र सावकाश. दोन्हींत दहाएक सेकंद श्वास रोखायचा. बुडेसोनाइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे, आणि ‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोक घाबरतात. जोराचा अटॅक आला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम देतात. आईच्या दिवसभराच्या ओढण्यात त्याचा शंभरावा भाग आहे, आणि तो बहुतेक छातीपुरता.

त्रासही आहेत. पावसाळ्यात दमटपणानं भुकटी चिकटते, म्हणून कॅप्सूल ओढायच्या वेळीच पाकिटातून काढतो. निळा पंप 30 अंशांखाली ठेवा म्हणतात, इथं मे महिन्यात पारा 45 वर. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत असतो.

आता आई रात्रभर झोपते, निळा पंप क्वचित लागतो. कॅप्सूल बंद करायच्या का, हे डॉक्टरांनाच विचारायचं ठरलंय. पुढच्या खेपेला काकूही सोबत येणार आहेत, स्वतःचं यंत्र घेऊन.