कंपनीने हात कुठे आखडता घेतला? गॅलॅक्सी ए१६, सीएमएफ फोन १ आणि मोटो जी८५

कमी किमतीचा फोन बनवताना प्रत्येक कंपनीला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो. स्क्रीन झकास दिली की प्रोसेसर जुना निघतो, प्रोसेसर ताजा दिला की कॅमेऱ्यात काटछाट होते, आणि दोन्ही बरे दिले तर अपडेटचा वायदा तोकडा असतो. म्हणून या गटात ‘सगळ्यांत चांगला फोन कोणता’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. काटकसर कुठे झाली आहे आणि ती आपल्या वापराच्या आड येते का, हे शोधायचं. आड येत नसेल तर तो फोन आपला.

इथे २०२४मध्ये आलेले तीन फोन शेजारी शेजारी ठेवले आहेत: सॅमसंगचा गॅलॅक्सी ए१६ ५जी, नथिंग कंपनीच्या सीएमएफ या ब्रँडचा फोन १ आणि मोटोरोलाचा मोटो जी८५. तिन्हींत ५जी आहे, तिन्हींची बॅटरी ५००० एमएएच आहे, तिन्हींचा पडदा ओएलईडी जातीचा आणि फुल एचडी प्लस आहे, मुख्य कॅमेराही तिन्हींना ५० मेगापिक्सेलचाच. नुसतं खोकं वाचलं तर तिळे भाऊ वाटावेत. हातात घेतल्यावर मात्र हे तीन अगदी वेगळ्या विचारांचे फोन आहेत हे लगेच कळतं. शिवाय आता यांच्या पुढच्या आवृत्त्या आल्यामुळे हे फोन मूळ किमतीपेक्षा स्वस्तात मिळू शकतात. त्या स्वस्ताईचा हिशेब पुढे येईलच.

दिसणं आणि हातात बसणं

सुरुवात सीएमएफपासून करतो, कारण या किमतीत रचनेचा एवढा वेगळा विचार क्वचितच दिसतो. फोन १चं मागचं झाकण चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंनी बसवलेलं आहे आणि ते स्वतःला काढता येतं. सिम काढायच्या पिनेच्या दुसऱ्या टोकाने स्क्रू फिरतात. काळं झाकण काढून नारिंगी बसवा, कंटाळा आला तर हिरवं. खालच्या कोपऱ्यात एक गोल चकती आहे. तीही फिरवून काढता येते आणि तिच्या जागी स्टँड, दोरी किंवा कार्ड ठेवायचा कप्पा लावता येतो. मला ही कल्पना मनापासून आवडते. झाकणावर ओरखडे उठले, कोपरा फुटला, तर सर्व्हिस सेंटर न गाठता नवं झाकण लावून मोकळं व्हायचं. एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. झाकण निघतं म्हणजे बॅटरी बदलता येते असं नाही. बॅटरी आत पक्की बसवलेली आहे आणि ते काम कारागिराचंच.

मोटो जी८५ उलट दिशेने गेला आहे. वजन सुमारे १७० ग्रॅम, जाडी साडेसात मिलिमीटरच्या आसपास, पडद्याच्या दोन्ही कडा वळवलेल्या, आणि काही रंगांत पाठीला कृत्रिम चामड्याचं अस्तर. हातात घेतला की किमतीचा अंदाज चुकतो. बोटांचे ठसे त्या पाठीवर दिसत नाहीत आणि पकडही चांगली बसते. पण वळलेला पडदा सगळ्यांसाठी नाही. कडेवर तळहात टेकून नको तिथे स्पर्श होतो, त्यावर नीट चिकटणारी साधी काच मिळणं कठीण जातं, आणि फोन पडला तर कडा आधी जमिनीला लागते. घरात लहान मुलं फोन हाताळत असतील, किंवा फोन हातातून निसटण्याची तुम्हाला सवयच असेल, तर देखणेपणासाठी ही जोखीम घेऊ नये.

गॅलॅक्सी ए१६ दिसायला तिघांत सगळ्यांत साधा. पडद्यावर सेल्फी कॅमेऱ्यासाठी थेंबासारखी खाच आहे, खालची पट्टी जाड आहे, पाठ प्लास्टिकची, आणि वजन दोनशे ग्रॅमच्या जवळ. बोटाच्या ठशाचं सेन्सर कडेच्या बटणात आहे. बाकी दोघांत ते पडद्याखाली आहे. खरं सांगायचं तर स्वस्त फोनमध्ये बटणातलं सेन्सर मला जास्त भरवशाचं वाटतं. पडद्याखालचं सेन्सर ओल्या किंवा कोरड्या पडलेल्या बोटाला पटकन ओळखत नाही आणि पडद्यावर जाड काच लावली की आणखी अडखळतं.

पाणी आणि धुळीचं काय? ए१६ला आयपी५४ हा दर्जा आहे, बाकी दोघांना आयपी५२. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दोन म्हणजे फोन थोडा कलता असताना वरून पडणाऱ्या थेंबांपासून बचाव, चार म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून बचाव. पावसात फोनवर बोलावं लागणाऱ्या माणसाला हा फरक महत्त्वाचा आहे. पाण्यात बुडण्याची हमी मात्र तिघांपैकी कोणीच देत नाही.

पडदा आणि आवाज

सीएमएफ आणि मोटोचा पडदा १२० हर्ट्झचा आहे, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं, सॅमसंगचा ९० हर्ट्झचा. शेजारी धरून सरकवले तर फरक दिसतो, एकटा ए१६ वापरताना तो सहसा खुपत नाही. कडक उन्हातला उजेड हा जास्त खरा प्रश्न आहे. कंपन्यांचे आकडे कमाल उजेडाचे असतात: सीएमएफचा २००० निट्स (निट हे उजेडाचं माप), मोटोचा १६००, सॅमसंगचा ८००. हे आकडे पडद्याच्या छोट्या भागापुरते आणि मोजक्या वेळेपुरते खरे असतात, पण क्रम बरोबर आहे. दिवसभर बाहेर फिरून काम असेल तर ए१६ इथे मागे पडतो.

दोन स्पीकर फक्त मोटोत आहेत. जेवताना समोर फोन टेकवून मालिका पाहणाऱ्यांना याची किंमत कळेल. हेडफोनची गोल पिन लावायची जागा तिघांतही नाही. सॅमसंगने ती ए१५मध्ये ठेवली होती आणि ए१६मध्ये काढून टाकली. मला हा निर्णय पटलेला नाही. ज्याला नव्या वायरलेस इअरफोनचा खर्च टाळायचा असतो, तोच ग्राहक या गटातला फोन घेतो.

प्रोसेसर: नावं नवी, आतला माल तपासा

ग्राहक सगळ्यांत जास्त इथेच गोंधळतो. मोटो जी८५मध्ये स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३ आहे. नाव वाचून वाटतं तिसऱ्या पिढीची ताजी चिप असेल. प्रत्यक्षात ती २०२१मध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगन ६९५चीच किंचित वेग वाढवलेली आवृत्ती आहे, त्याच ६ नॅनोमीटर तंत्रावर बनलेली (हा आकडा लहान तितकं तंत्र नवं). चिप वाईट नाही. रोजचे मेसेज, नकाशे, व्हिडिओ, पैसे देणं, सगळं सुरळीत चालतं. पण ६९५मध्ये ४के, म्हणजे जास्त बारकाव्याचा, व्हिडिओ रेकॉर्ड करण्याची सोय नव्हती, ती इथेही नाही. कॅमेऱ्यात सोनीचा चांगला सेन्सर असूनही मोटो १०८०पीवर, म्हणजे फुल एचडी व्हिडिओवरच थांबतो, याचं कारण कॅमेऱ्यात नाही, चिपमध्ये आहे.

सीएमएफ फोन १मध्ये मीडियाटेकची डायमेन्सिटी ७३०० आहे. ४ नॅनोमीटरवर बनलेली आणि चार ताकदवान ए७८ कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) असलेली. तिघांत ही निर्विवाद वेगवान. गेम, एकाच वेळी उघडलेली अनेक अ‍ॅप, ४के व्हिडिओ, सगळ्यांत ती पुढे आहे आणि नव्या तंत्रामुळे बॅटरीही जपून वापरते. कंपनीने पैसे इथे लावले आणि कॅमेरा, स्पीकर, एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्याची सोय) इथून वाचवले, हे उघड दिसतं.

गॅलॅक्सी ए१६ची गोष्ट आणखी निराळी. काही देशांत त्यात डायमेन्सिटी ६३०० येते, काही देशांत सॅमसंगची स्वतःची एक्झिनॉस १३३०. दोन्हींत ताकदवान कोअर दोनच, बाकीचे सहा छोटे. त्यामुळे अ‍ॅप उघडताना हलकासा विलंब जाणवतो आणि एकामागून एक फोटो काढताना तो वाढतो. फोन हळू आहे हे मान्य करूनच घ्यायचा.

रॅमबद्दल, म्हणजे उघडी अ‍ॅप चालू ठेवणाऱ्या जागेबद्दल, एक सूचना. ‘अमुक अधिक अमुक जीबी’ असं लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आकडा खरी रॅम नसतो. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि खऱ्या रॅमच्या तुलनेत खूप हळू चालते. पहिला आकडा पाहायचा आणि दुसरा सोडून द्यायचा.

कॅमेरा

तिघांच्या मागे ५० मेगापिक्सेल असले तरी साधा फोटो निघतो साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा, कारण अंधारात जास्त उजेड टिपण्यासाठी चार-चार पिक्सेल एकत्र केले जातात. म्हणून मेगापिक्सेलवरून निवड करू नका, हात हलल्याचा परिणाम लेन्स स्वतः सावरते का ते पाहा. ही सोय, म्हणजे ओआयएस, तिघांपैकी फक्त मोटोत आहे. संध्याकाळी घरातल्या दिव्याच्या उजेडात मुलाचा फोटो काढताना मोटोचे फोटो कमी हलतात. त्याला ८ मेगापिक्सेलची वाइड लेन्सही आहे, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी.

सॅमसंगच्या वाइड लेन्सला ५ मेगापिक्सेल आहेत, भर उजेडात चालून जातं. सीएमएफला वाइड लेन्सच नाही. मागे दिसणारा दुसरा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आहे आणि वस्तू किती लांब आहे हे मोजण्यापुरता. ए१६मधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेराही संख्या वाढवण्यापुरताच. अशा भरतीच्या लेन्सना निवडीत शून्य गुण द्यावेत.

व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर चित्र पालटतं. ४के फक्त सीएमएफ देतो. फोटोसाठी मोटो, व्हिडिओसाठी सीएमएफ, आणि ए१६ दोन्हींत कामापुरता.

चार्जिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीएमएफ आणि मोटो ३३ वॅटच्या आसपास, सॅमसंग २५ वॅट. चार्जर खोक्यात आहे की नाही हे मात्र आधी विचारून घ्या. नसेल तर तो खर्च किमतीत धरा.

खरी किंमत: भागाकार करून पाहा

फोन किती वर्षं सुरक्षित राहणार यावर त्याची खरी किंमत ठरते. त्याच फोनवर आपण बँकेचे व्यवहार करतो, ओटीपी घेतो, कागदपत्रं ठेवतो. सुरक्षा अपडेट थांबले की फोन बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी उघड्या राहतात.

सॅमसंगने ए१६ला सहा अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट देऊ केले, म्हणजे २०३०च्या शेवटापर्यंत. मोटोचा वायदा दोन आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा. सीएमएफ फोन १चा दोन आवृत्त्या आणि तीन वर्षं सुरक्षा. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. २०२६च्या सुरुवातीला हे फोन घेतले तर ए१६ची पावणेपाच वर्षं शिल्लक, मोटोची अडीच, सीएमएफची दीड. समोरच्या किमतीला या वर्षांनी भागा. सवलतीत स्वस्त दिसणारा सीएमएफ दर वर्षाच्या हिशेबात महाग पडू शकतो आणि कंटाळवाणा वाटणारा ए१६ सगळ्यांत स्वस्त.

याला एक मोठा ‘पण’ आहे. ए१६ची कमी रॅमची, ४ जीबीची आवृत्ती काही बाजारांत विकली जाते. सहा वर्षं अपडेट येत राहतील आणि दर अपडेटसोबत फोन जड होत जाईल. सहा वर्षांचा फायदा खरोखर घ्यायचा तर जास्त रॅमची आवृत्ती घेतली पाहिजे. ती परवडत नसेल तर या वायद्याचं वजन अर्धं धरा.

मग कोणासाठी कोणता? आईवडिलांसाठी, किंवा एकदा घेतला की पाच वर्षं फोनकडे पाहायचं नाही अशा माणसासाठी, मी ए१६ सांगेन. गेम खेळणारा, व्हिडिओ काढणारा, दोन वर्षांत फोन बदलणारा असेल तर सीएमएफ, फक्त दुकानात फोन टेकवून पैसे देण्याची सवय असेल तर नको, कारण त्यात एनएफसी नाही. ज्याला हलका, देखणा फोन हवा, जो फोटो काढतो आणि मालिका पाहतो, त्याला मोटो. एकच नाव घ्या म्हणाल तर मी जास्त रॅमचा ए१६ निवडेन, कारण हळूपणाची सवय होते, पण उघड्या राहिलेल्या त्रुटीवर आपल्या हातात उपाय नसतो.

सीएमएफवर मन बसलंच असेल तर २०२५चा फोन २ प्रो पाहिल्याशिवाय फोन १ घेऊ नका. वाइड लेन्स, दुप्पट झूमची लेन्स, एनएफसी, आयपी५४, तीन अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा, असं पहिल्यात राहिलेलं बरंच काही त्यात भरून काढलं आहे. गेलं ते थेट बदलता येणारं झाकण, आणि स्पीकर अजूनही एकच. दोघांच्या किमतीत थोडंच अंतर असेल तर फोन १ घेण्यासारखं कारण मला त्या झाकणाखेरीज दुसरं दिसत नाही.