अंदमानची सहल छान झाली, पण कार्डाच्या दोन टक्क्यांबद्दल आधी सांगायला हवं होतं

आम्ही पाच जणी दोन वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकत होतो, अंदमानसाठी. हिशेब माझ्याकडे, कारण मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबच बघते. नलूमावशी ६८ वर्षांच्या. त्यांच्या पैशांतला बराचसा भाग चपात्या लाटून आलेला. त्यामुळे वहीतला प्रत्येक रुपया कुठे गेला हे मला सांगता आलंच पाहिजे. हा अभिप्राय लिहितेय तो त्यासाठीच.

सांगलीतल्याच एका टूर एजन्सीकडे बुकिंग केलं. नाव लिहीत नाही, कारण इतर ठिकाणीही असंच चालतं हे नंतर दोन-तीन जणींकडून कळलं. पाच रात्रींचं पॅकेज, पोर्ट ब्लेअरला उतरल्यापासून पुन्हा विमानात बसेपर्यंत, माणशी ३८,००० रुपये, जीएसटीसकट. हा आकडा पत्रकावर छापलेला होता आणि फोनवरही हाच सांगितला. पाच जणींचे १,९०,०००. माणशी ८,००० प्रमाणे ४०,००० आगाऊ दिले, राहिले १,५०,०००.

आमचे पैसे पतसंस्थेत होते आणि मुदत १२ तारखेला संपणार होती. एजन्सीला पूर्ण रक्कम ५ तारखेपर्यंत हवी होती. आठवड्याभराचा प्रश्न, म्हणून माझ्या क्रेडिट कार्डावर भरू आणि १२ तारखेला पैसे सुटले की कार्डाचं बिल भागवू, असं ठरवून मी ४ तारखेला संध्याकाळी दुकानातून परस्पर तिकडे गेले.

काउंटरवरच्या मुलीने कॅल्क्युलेटरवर आकडे मारले आणि तो माझ्याकडे फिरवला. १,५३,५४०. मला वाटलं चुकून दाबलं गेलं. ती म्हणाली, "कार्डाला दोन टक्के लागतात मॅडम, आणि त्यावर जीएसटी." म्हणजे ३,००० आणि वर ५४०. माणशी ७०८ रुपये. मी विचारलं, हे पत्रकावर कुठे आहे? तिने मॉनिटरच्या मागे चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं: क्रेडिट कार्ड २ टक्के, डेबिट कार्ड १ टक्का. पण कागदाचं तोंड आतल्या बाजूला, तिच्या खुर्चीकडे. गिऱ्हाईक बसतं तिथून तो दिसतच नाही.

"हे तीन हजार पाचशे चाळीस बिलावर येतील का?"

"बिल टूरचंच निघतं मॅडम."

इथे मात्र मला राग आला. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली वेगळी लिहितात, तोलाई वेगळी लिहितात. पाच रुपये कापले तरी कशाचे ते पट्टीवर असतं. जीएसटी म्हणून पैसे घ्यायचे आणि बिलावर दाखवायचे नाहीत, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. त्या मुलीचा यात काही दोष नव्हता, ती दिवसभर अशीच माझ्यासारख्यांची बोलणी ऐकत असणार. मी तिला तसं सांगितलं आणि मालकांना बोलवायला लावलं.

मालक वागायला चांगले. "बँकच आमच्याकडून घेते हो ताई, आम्ही खिशात नाही घालत." क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. कार्ड मशीनवर घासलं की बँक दुकानदाराकडून टक्का कापते, त्याला एमडीआर म्हणतात, आणि क्रेडिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. सहलीच्या धंद्यात नफ्याची टक्केवारी काही फार मोठी नसते, म्हणून दोन टक्के त्यांना बोचत असतील हे मी मान्य करते. मग ते दोन टक्के भावात धरा, नाहीतर पत्रकावर छापा. शेवटच्या दिवशी, आगाऊ रक्कम अडकलेली असताना सांगू नका.

मुलाच्या फीसाठी बचत खात्यात पैसे होते. म्हटलं आठवड्यासाठी ते वापरू, डेबिट कार्ड घ्या. तर तिथेही एक टक्का, म्हणजे १,५०० आणि जीएसटी २७०.

हे मात्र मी अजिबात मान्य केलं नाही, आणि हा हिशेब सगळ्यांनी नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला मर्यादा घातली आहे. वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून बँक जास्तीत जास्त ०.९० टक्का घेऊ शकते, आणि तोही एका व्यवहाराला १,००० रुपयांच्या वर नाही. दीड लाखावर ०.९० टक्का म्हणजे १,३५० होतात, तरीही बँकेला १,००० च्या पुढे जाता येत नाही. मग आमच्याकडून १,५०० कशाचे? शिवाय डेबिट कार्डाचा हा खर्च दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकू नये, असं त्याच परिपत्रकात बँकांना बजावलेलं आहे. आणि माझं कार्ड होतं रुपेचं, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण आपलं भारतीय. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. बँक एक पैसा घेत नाही त्या कार्डावर एजन्सी १,७७० रुपये मागत होती.

मी कार्ड उलटं-सुलटं करून रुपेचं चिन्ह दाखवलं. मालक जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आम्हाला मशीनवाल्याने सरसकट एक टक्का सांगितलंय." असेलही. पण विचारून घ्यायचं काम त्यांचं. शिवाय सहल रद्द झाली तर कार्डाचे हे पैसे परत मिळतात का, असं विचारल्यावर नाही म्हणाले.

शेवटी एनईएफटी केलं, म्हणजे माझ्या खात्यातून थेट त्यांच्या बँक खात्यात पैसे. मोबाइलवरून बचत खात्यातून त्याला काही पैसे पडत नाहीत. फक्त नवीन खातं जोडल्यावर माझी बँक पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाही, म्हणून ४ तारखेला तिथेच बाकड्यावर बसून खातं जोडलं आणि ५ तारखेला सकाळी दीड लाख पाठवले. दहा मिनिटांत पावती व्हॉट्सॲपवर आली. १२ तारखेनंतर पतसंस्थेतले पैसे माझ्या खात्यात परत. पाच जणींचे ३,५४० वाचले. नलूमावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सातशे आठ म्हणजे किती चपात्या गं," आणि खरंच बोटांवर मोजायला लागल्या.

आगगाडीच्या तिकिटाचं यापेक्षा बरं आहे. मिरज ते पुणे एसीचं तिकीट आयआरसीटीसीवर काढलं, तिथेही सुविधा शुल्क आहेच: कार्डाने ३० रुपये, यूपीआयने २०, वर जीएसटी. पण ते पाच जणींच्या मिळून एका तिकिटाला, आणि पैसे भरायच्या आधी वेगळ्या ओळीत दिसतं. विमानाच्या तिकिटांना माणशी शुल्क लावलं, आणि तेही शेवटच्या पानावर.

आता सहलीबद्दल. तिथे मला तक्रारीला जागा सापडली नाही. गाडी दररोज सांगितलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं दारात. बोटीत नलूमावशींना खिडकीची जागा न मागता दिली. एकीची संकष्टी होती, तर हॉटेलवाल्यांनी उकडलेले बटाटे, दही आणि शेंगदाणे आणून ठेवले, कारण एजन्सीने आधीच कळवलं होतं. सेल्युलर जेलच्या सात पाकळ्यांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत आम्ही एकेक करून आत गेलो, आणि नलूमावशी बाहेर आल्या त्या भिंतीला हात लावून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. गाइडने घाई केली नाही. राधानगर किनाऱ्यावर सूर्य बुडेपर्यंत थांबू दिलं.

व्यवस्थेला पाचपैकी पाच तारे, पैसे घेण्याच्या पद्धतीला दोन. एकूण तीन देतेय.

मागच्या पंधरवड्यात मालकांचा राजस्थानसाठी फोन आला. मी पहिल्यांदा कार्डाचे दर लेखी मागितले. तासाभरात मेसेज आला: यूपीआय शून्य, रुपे डेबिट शून्य, क्रेडिट कार्ड २ टक्के अधिक जीएसटी, बिलावर दाखवू. तो कागद मॉनिटरच्या मागून काढून पुढे लावाल का, असं मी उलट विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.