काट्रेन: गो शिकायला संगणक पुरतो का?

काट्रेन हा गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढायचा खेळ) खेळायचा आणि खेळलेला डाव तपासायचा फुकट प्रोग्राम. त्याच्या पोटात काटागो हे इंजिन आहे, म्हणजे व्यावसायिक ९ दानलाही, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या खेळाडूलाही, लोळवणारी ताकद. धाकट्या भावाला बुद्धिबळाचा कंटाळा आला तेव्हा मीच त्याला तो लॅपटॉपवर टाकून दिला, त्यामुळे नवखा माणूस त्याच्यासमोर काय करतो हे जवळून पाहिलंय.

आधी चांगलं सांगते. ९×९ च्या छोट्या पटावर सोंगट्या मारणं, अटारीतून (पुढच्याच चालीत मारलं जाण्याच्या धोक्यातून) निसटणं, दोन डोळे (गटाच्या आतल्या, समोरच्याला भरता न येणाऱ्या रिकाम्या जागा) करून गट जगवणं, हे सगळं संगणकासमोर झटपट अंगवळणी पडतं. चाल मागे घेतली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे डाव संपला कधी आणि हा गट मेला की जिवंत. चिनी मोजणी (पटावरच्या सोंगट्या आणि वेढलेली जागा दोन्ही मोजायची पद्धत) लावून ठेवा आणि शंका असेल तर सरळ खेळून बघा. त्या मोजणीत स्वतःच्या जागेत सोंगटी टाकल्याने गुण जात नाहीत (स्वतःचे डोळे तेवढे बुजवू नका). माणसासमोर असा लांबवलेला शेवट जरा अवघडच वाटतो.

आता काट्रेन चालींवर दाखवतो ते रंगीत ठिपके. प्रत्येक चालीनंतर किती गुण गमावले त्यावरून रंग ठरतो: हिरवा ठीक, पिवळा, नारिंगी, लाल, आणि बारा गुणांच्या वर तोटा झाला की जांभळा. नवशिक्याचा पट जांभळा होऊन जातो. भाऊ दर चालीला रंग बघून मागे यायचा आणि हिरवा दिसेपर्यंत जागा बदलत राहायचा. याला खेळणं म्हणत नाहीत, कुलपात किल्ल्या घालून बघणं म्हणतात. शिवाय ठिपका तोटा दाखवतो, कारण नाही. जरा पुढचा खेळाडू शेजारी असेल तर तो एका वाक्यात सांगतो, ‘तुझे हे दोन गट तुटलेत, आधी ते जोड.’

दुसरी अडचण ताकद कमी करण्याची. मुळात अफाट असलेलं इंजिन सौम्य केलं की ते बरेचदा दहा चाली उस्तादासारखं खेळतं आणि अकरावी भलतीकडेच टाकतं. नवशिक्या माणूस तसा चुकत नाही. तो लोभाने चुकतो, घाबरून चुकतो. आणि गोत जिंकायचं ते त्या चुका ओळखून. काटागोसाठी २०२४ मध्ये माणसांच्या डावांवर शिकवलेलं मॉडेल आलं, २० क्यूपासून (नवशिक्याची पातळी) ९ दानपर्यंत त्या त्या पातळीची नक्कल करणारं. ते बरंच बरं आहे. पण डाव संपल्यावर ‘इथे तू काय विचार केलास?’ असं तेही विचारत नाही, आणि माझ्या मते नवशिक्याचं अर्धं शिकणं त्या गप्पांत असतं. पहिले पन्नास डाव लवकर हरून टाक, असं गोवाले सांगतात. ते हरणं निदान निम्मं तरी माणसांसमोर व्हावं.

म्हणून घ्या जरूर, पण खेळताना ठिपके बंद. डाव संपल्यावर विश्लेषण उघडा, सगळ्यात मोठा तोटा झालेली एकच चाल बघा आणि खिडकी मिटा. अर्ध्या गुणाच्या फरकाकडे २० क्यूच्या माणसाने बघूच नये. आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर पूर्ण १९×१९ पटाचं विश्लेषण रेंगाळतं; ९×९ ला तो त्रास फारसा जाणवत नाही.