सौर पॅनेल आणि हीट पंप: आकडे खरे, पण आमच्या घराचे नव्हेत

छपरावर सौर पॅनेल आणि घर तापवायला हीट पंप, असं दोन्ही आम्ही एकाच कंपनीकडून, एकाच करारात घेतलं आणि दोन्हीत फसवले गेलो. तक्रार अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. फसवण्याची रीत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती रीत कुणीही वापरू शकतं. एक प्रकार सोडला तर त्यांनी दाखवलेला जवळपास प्रत्येक आकडा खरा होता. प्रयोगशाळेत खरा, किंवा दुसऱ्या कुणाच्या छपरावर खरा. आमच्या घराला, आमच्या थंडीत तो लागू पडत नव्हता आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आलेला माणूस बोलायला अदबशीर होता. वडिलांना ‘काका’, मला ‘दादा’. टॅबवर आमच्या छपराचं उपग्रहातून घेतलेलं चित्र उघडून त्याने त्यावर पॅनेल मांडून दाखवली. खाली दोन रकाने होते. एकात वर्षभरात तयार होणारी वीज, दुसऱ्यात हीट पंपाला वर्षभरात लागणारी वीज. दोन्ही आकडे जवळपास सारखे. “म्हणजे बिल शून्य, काका.” वडिलांनी तिथल्या तिथे विचारलं, “अहो, पण ऐन थंडीत ऊन असतं कुठे?” त्यावर तो म्हणाला, “उन्हाळ्यातली वीज जमा राहते, ती हिवाळ्यात वापरायची.”

पुढचं सगळं नुकसान या एका उत्तरातून झालं. पॅनेल सगळ्यात जास्त वीज देतं ते उन्हाळ्यात, दुपारी. घर तापवायची गरज असते हिवाळ्यात, पहाटे आणि रात्री. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकी ही तफावत वाढते. उत्तरेकडे पन्नास अंश अक्षांशाच्या आसपास डिसेंबरमधली निर्मिती जूनच्या मानाने खूपच कमी असते. घरातली बॅटरी दुपारची वीज रात्रीपर्यंत नेते, जूनची डिसेंबरपर्यंत नेत नाही. राहिली ‘जमा’ वीज. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेलं युनिट कसं मोजलं जाईल हे त्या त्या ठिकाणच्या वीज कंपनीच्या नियमांवर ठरतं. कुठे युनिटला युनिट वळतं होतं, कुठे महिन्याअखेर हिशेब मिटवतात, तर कुठे तुमच्या विजेला कमी दर आणि त्यांच्या विजेला पूर्ण दर. आम्हाला लागू असलेला नियम शेवटचा होता. करारात ‘जमा’ हा शब्द कुठेच नाही, तो फक्त तोंडी होता. म्हणून सांगतो, विक्रेत्याकडून महिन्यागणिक तक्ता मागा. बारा ओळी, प्रत्येक महिन्याची निर्मिती आणि प्रत्येक महिन्याचा खप. वर्षाच्या बेरजेत जे लपतं ते या बारा ओळींत लपत नाही.

वर्षाची बेरीज तरी बरोबर होती का? तीही नव्हती. आमच्या छपराचा मोकळा उतार पश्चिमेकडे आहे आणि दुपारनंतर शेजारच्या उंच इमारतीची सावली त्याच्या एका कोपऱ्यावर येते. कंपनीने छपराची पाहणी केली, फोटो काढले, मापं घेतली. सावलीचा उल्लेख मात्र अहवालात नाही. साध्या जोडणीत पॅनेल एकामागोमाग एक अशी ओळीने जोडलेली असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एकावर सावली पडली तर बायपास डायोड त्या पॅनेलचा सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देतात, पण तेवढी वीज जातेच. प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे त्या पॅनेलची वीज वेगळी सांभाळणारं छोटं उपकरण, लावलं तर बाकीच्यांवरचा परिणाम कमी होतो, हा पर्याय आम्हाला दाखवलाही नाही. सावलीचं नुकसान मान्य केल्याशिवाय तो पर्याय त्यांना दाखवता आला नसता.

वर्षाच्या निर्मितीचा आकडा कुणालाही घरी बसून तपासता येतो. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं ‘पीव्हीजीआयएस’ हे साधन फुकट आहे आणि ते फक्त युरोपपुरतं नाही. जागतिक बँकेचा ‘ग्लोबल सोलर ॲटलस’ही तसाच. छपराचा उतार, दिशा आणि पॅनेलची एकूण क्षमता भरली की महिनावार अंदाज समोर येतो. पीव्हीजीआयएसमध्ये केबल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणारं यंत्र) वगैरेंतल्या घटीसाठी १४ टक्के आधीच धरलेले असतात. मी आमची खरी दिशा भरली तेव्हा कंपनीच्या कागदापेक्षा बराच कमी आकडा आला. मग दिशा पश्चिमेऐवजी थेट सूर्यासमोरची केली आणि घट शून्य टक्के टाकली. तेव्हा कुठे कंपनीचा आकडा जुळला. त्यांच्याकडे गणित करणारा माणूस होता, त्याने गणितही केलं होतं, फक्त आमचं छप्पर त्यात घेतलं नव्हतं.

पॅनेलच्या वॅटचं असंच आहे. पॅनेलवर लिहिलेले वॅट म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंश असतानाची शक्ती. भर उन्हात सेल हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी सहज जास्त तापतात आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. सेल ६० अंशांवर गेले तर दहा ते चौदा टक्के वीज तिथेच गेली. ही फसवणूक नव्हे, सगळेच उत्पादक असंच मोजतात. डेटाशीटवर सहसा दुसरा रकानाही असतो, ८०० वॅट प्रकाश आणि २० अंश हवेतला. आम्हाला दिलेल्या घडीपत्रकातून तो दुसरा रकाना काढून टाकला होता.

आता तो वगळलेला प्रकार सांगतो. इथे आकडा सरळ खोटा होता. काही महिन्यांनी एका ओळीची निर्मिती अचानक बंद पडली. कंपनी फोन उचलेना, म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने एक पॅनेल सोडवून खाली आणलं. मागचं लेबल मी पहिल्यांदाच बघत होतो. उन्हाने त्याचा एक कोपरा उचकटला होता आणि खालून दुसऱ्या लेबलची कड दिसत होती. वरच्या लेबलवर कमाल शक्ती ४३० वॅट. त्याच्याच खाली छापलं होतं, कमाल शक्तीच्या वेळचा दाब ३१.० व्होल्ट, प्रवाह १२.९ अँपियर. इलेक्ट्रिशियनने मोबाइलवर गुणाकार केला. ३९९.९. व्होल्टला अँपियरने गुणलं की वॅट आलेच पाहिजेत, आणि लेबलवर हे तिन्ही आकडे एकाच स्थितीतले असतात, त्यामुळे एक-दोन वॅटांपलीकडे फरक पडायचं कारण नाही. नवं लेबल छापणाऱ्याने फक्त एक आकडा बदलला होता. वरचा कागद अलगद सोलला तर खाली मूळ लेबल निघालं, ४०० वॅटचं. अनुक्रमांक उत्पादकाला कळवले, तेव्हा त्यांचं उत्तर आलं की हे अनुक्रमांक ४०० वॅटच्या मालाचेच आहेत. पैसे आम्ही ४३० चे मोजले होते, प्रत्येक पॅनेलमागे.

ओळ बंद पडण्याचं कारण वेगळंच निघालं. पॅनेलच्या वायरी जोडणारे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले होते. बाहेरून ते सारखे दिसतात, खटकन बसतातही, पण आतले संपर्क एकमेकांसाठी घडवलेले नसतात. तिथे रोध वाढतो, उष्णता साठते. आमचा कनेक्टर तपकिरी पडून वितळायला लागला होता. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहात ठिणगी पेटली की ती सहजी विझत नाही, छपराला आग लागण्याच्या कारणांत हे एक कारण आहे. वॅट कमी मिळाले याचा राग येतो, पण या कनेक्टरची मला भीती वाटली. पॅनेल बसवून वर्ष झालं नसलं तरीही स्वतंत्र इलेक्ट्रिशियनकडून कनेक्टर, अर्थिंग आणि डीसी आयसोलेटर (पॅनेलचा प्रवाह तोडणारा स्विच) तपासून घ्या.

हीट पंपाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. “एक युनिट वीज खातो, पाच युनिट उष्णता देतो,” असं आम्हाला सांगितलं. यात अशक्य काही नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो, म्हणून खाल्लेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता देऊ शकतो. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. पण पाचचा आकडा मोजला होता तो बाहेर ७ अंश आणि पंपातून निघणारं पाणी ३५ अंश असताना. ३५ अंशांचं पाणी खोली तापवायला फरशीखालून फिरवलेल्या नळ्यांना पुरतं. आमच्या घरात जुने रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे, आहेत, त्यांना ५५ अंशांचं पाणी लागतं. पाणी जितकं गरम हवं आणि बाहेर जितकं थंड, तितका चढ मोठा आणि तितकी वीज जास्त. ही निसर्गाचीच मर्यादा आहे. आदर्श यंत्रालाही ७ अंशांच्या हवेतून ३५ अंश गाठताना ११ पट मिळतं, ५५ गाठताना साधारण ६.८ पटच. प्रत्यक्षातली यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली राहतात. म्हणजे पाचचे तीन तिथेच झाले. हवा शून्याखाली गेली की अडीच, दोन.

त्यात बाहेरच्या युनिटवर दव गोठतं आणि ते वितळवायला यंत्र मधूनमधून उलटं चालतं, तेवढा वेळ घरात उष्णता येत नाही.

योग्य रीत अशी की आधी प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करायचा: भिंती, खिडक्या, छत, फटी. मग कोणता रेडिएटर किती कमी तापमानावर पुरेल ते बघायचं, अपुरा असेल तो बदलायचा आणि त्यावरून पंपाचा आकार ठरवायचा. आमच्याकडे चटईक्षेत्राला एका ठरावीक आकड्याने गुणलं आणि पंप आला. तो थंडीत पुरला नसता, हे बसवणाऱ्यांना कळत होतं. त्यांनी काय केलं तर पाण्याचं तापमान कायम ५५ वर ठेवलं, बाहेरच्या हवेनुसार ते आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद ठेवली आणि आतला विजेचा बॅकअप हीटर बाहेर ५ अंश झाले की सुरू होईल असा लावला. हा हीटर म्हणजे साधी कॉइल, एका युनिटला एकच युनिट उष्णता. घर छान ऊबदार राहिलं, तक्रारीला जागाच नव्हती. बिल आलं तेव्हा उत्तर तयार होतं, “यंदा थंडी जास्त होती.” पंपाच्या पडद्यावर दिसणारी कार्यक्षमता फक्त कॉम्प्रेसरची होती, हीटरचे युनिट त्यात धरलेच नव्हते. पंपाच्या अख्ख्या जोडणीला स्वतंत्र मीटर लावला तेव्हा खरं कळलं.

पंपाच्या आत उष्णता वाहून नेणारा एक गॅस असतो. कोटेशनवर तो ‘पर्यावरणपूरक गॅस’ असं लिहिलं होतं. युनिटच्या पाटीवर निघाला आर-४१०ए, ज्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट धरतात. आर-३२ चा ६७५, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनचा ३ च्या आसपास. २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानंतर आर-४१०ए सारखे गॅस टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. पडून राहिलेला माल आमच्या माथी मारला.

‘पंचवीस वर्षांची हमी’ ऐकली की आधी विचारा, कशाची? पंचवीस वर्षं असते ती बहुधा निर्मितीची हमी, म्हणजे तेव्हाही पॅनेल मूळ शक्तीच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्के देईल ही. काच तडकली, पॅनेलमागच्या जोडणीच्या पेटीत पाणी शिरलं, तर लागू होते वस्तूची हमी, ती अनेकदा दहा-बारा वर्षांचीच. इन्व्हर्टरची बहुधा त्याहून कमी. बसवण्याच्या कामाची हमी बसवणारी कंपनी टिकेल तेवढीच. आमच्या कंपनीने आता दुसऱ्या नावाने धंदा सुरू केला आहे आणि जुन्या नावाचा पत्ता बंद आहे. करारावरची सही ‘आजच्या आज’ घेण्याची घाई का होती, ते आता कळतं.

तक्रारीत उपयोगी पडलं ते एवढंच: अनुक्रमांकांचे फोटो, सोललेलं लेबल, उत्पादकाचं पत्र, पंपाच्या मीटरची नोंद आणि त्या माणसाने पाठवलेले निरोप. तोंडी बोललेल्यातलं काहीही धरलं गेलं नाही. पॅनेलच्या फरकाची रक्कम परत देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे, पंपाबद्दल अजून नाही. मधल्या काळात आम्ही बैठकीच्या खोलीतला आणि सगळ्यात थंड खोलीतला असे दोन रेडिएटर मोठे घेतले, पाणी ४५ अंशांवर आणलं आणि बॅकअप हीटर कडाक्याच्या थंडीपुरता ठेवला. त्यानंतर पंपाचं गुणोत्तर तीनच्या वर गेलं. हे काम पहिल्या दिवशी करायला त्यांना दोन जादा रेडिएटर आणि अर्ध्या दिवसाचा हिशेब लागला असता. तुम्ही कोटेशन घेत असाल तर खोलीवार उष्णतेचा हिशेब, ५५ आणि ४५ अंशांवरचा सीओपी आणि पॅनेलचे अनुक्रमांक हे तिन्ही आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी मागा. लेबलांचे फोटो पेट्या उघडल्या उघडल्या काढा, कारण छपरावर बसल्यावर पॅनेलची मागची बाजू दिसत नाही.