ऐरोलीची फ्लेमिंगो सफर: पक्ष्यांना चार तारे, जंगलाला अडीच

नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जाते. नाव फ्लेमिंगोचं असलं, तरी 2015 साली घोषित झालेल्या या सुमारे 1690 हेक्टरांत 896 हेक्टर खारफुटी आहे. गुलाबी पक्षी दाखवायचा आणि त्याच्या नावावर तिवरांचं रान वाचवायचं, असा हा व्यवहार. तो कुठे जमतो आणि कुठे फसतो हे बोटीतूनच बरंचसं कळतं, फक्त तिकीट योग्य वेळेचं हवं.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. लोक रविवार बघून बुकिंग करतात. बोटीला पाणी लागतं, फ्लेमिंगोला उघडा चिखल. ऐन भरतीला बोट मजेत चालते, पण चिखलपट्टे बुडालेले असतात आणि बरेचसे थवे भांडुप किंवा नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींत विसावलेले असतात. ऐन ओहोटीला चिखल भरपूर, पण बोटीला पाणी नाही. म्हणून पाणी उतरू लागल्यानंतरची, पण बोट निघू शकेल अशी फेरी निवडा. फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात.

अंदाजाला कोळ्यांचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं इकडेतिकडे होतं, शिवाय खाडीत आत पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा चढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी झपाट्यानं उतरतं आणि चिखल दूरवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवसांत जागा सहज मिळत असेल तर हुरळून जाऊ नका.

ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पलीकडचे थवे उजळून दिसतात. दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि फोटोत काळ्या आकृत्या उरतात. हंगाम नोव्हेंबरपासून, खरी गर्दी जानेवारी ते एप्रिल. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. हलत्या बोटीत त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण स्थिर राहत नाही. नावाड्याला “अजून जवळ घ्या” म्हणू नका. खाणारा थवा माना वर करून एका दिशेनं चालू लागला की तो अस्वस्थ आहे, पुढची पायरी उड्डाण. थवा उठला की त्याचा खाण्याचा वेळ गेला, आणि तुमचाही फोटो.

आता छत्रीचं. एका प्रजातीला जपलं की तिच्या आसऱ्यानं इतरही जगतात, ती छत्र प्रजाती. त्यासाठी तिला मोठा अधिवास लागावा, इतरांना मारक ते तिलाही मारक असावं आणि ती मोजता यावी. मोजणीत फ्लेमिंगो पैकीच्या पैकी. चिखलावर चरणाऱ्या तुतारी, पाणटिवळे अशा पक्ष्यांवरही त्याची छत्री नीट धरली जाते.

खारफुटीवर मात्र ती तोकडी पडते. इथे संख्येनं जास्त असलेला लहान फ्लेमिंगो (पिल्लू नव्हे, वेगळी जात) उलटी चोच पाण्यात घालून सूक्ष्म शैवाल गाळून खातो. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल माजतं, म्हणजे पक्षी वाढले याचा अर्थ खाडी सुधारली असा होत नाही. दुसरी गोम अशी की गाळ साचला की तिवरं पुढे चिखलावर सरकतात. जंगल वाढतं, पण फ्लेमिंगोचं ताट लहान होतं. एकाच छत्रीखालचे दोघं असे एकमेकांच्या जागेवर टपलेले!

जमिनीकडच्या कडेचा तर फ्लेमिंगोला फारसा उपयोगच नाही. भराव, राडारोडा आणि बुजलेल्या नाल्यांचा मार पहिल्यांदा तिथेच बसतो. सोनेरी कोल्हा त्या कडेला वावरतो. मोजायला कटकटीचा, दिसायला दुर्मीळ, पण कोरडी कड आणि खारफुटी दोन्ही वापरणारा. तिकिटावर फ्लेमिंगो खुशाल राहू द्या; कडेची देखरेख करायची तर कोल्ह्याच्या पाऊलखुणा, विष्ठा आणि कॅमेरा ट्रॅपच्या नोंदी जोडीला हव्यात. 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळताना अभयारण्याबरोबर भोवतीचं सुमारे 48 चौरस किलोमीटरचं संवेदनशील क्षेत्रही जमेस धरलं गेलं, ते या दृष्टीनं शहाणपणाचं. भरतीला फ्लेमिंगो जिथे विसावतात त्या नेरूळच्या पाणथळी मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. तिथे खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तळं सडतं, आणि अभयारण्य कितीही राखलं तरी पक्ष्यांची भरतीची जागा जाते.

बोटीत हे सगळं कोणी सांगेलच असं नाही, म्हणून आवारातल्या पायवाटेला अर्धा तास आधीच द्या. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं बघा आणि एका पानावर बोट फिरवून चाटा. खारट लागेल, झाडानं बाहेर टाकलेलं मीठ ते.