सोयाबीनची पट्टी हातात आल्यावर: सोनं, फंड, शेअर की एफडी?

लातूरच्या अडतीवरून पट्टी आली की भाचा विचारतो, "मामा, पैसे कुठं टाकू?" यंदा त्याला वेगळीच धास्ती होती: रोज युद्धाच्या बातम्या, अशात बाजारात जावं का?

मी त्याला आधी दुखणं ओळखायला सांगितलं: दणका युद्धाचा आहे की कोर्टाच्या निकालाचा? युद्धाचा दणका सगळ्यांना एकदम बसतो. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि सेन्सेक्स एका दिवसात 2,702 अंकांनी आपटून 54 हजारांवर आला. 4 एप्रिलला तोच 60 हजारांच्या वर होता आणि जूनमध्ये पुन्हा 51 हजारांवर! एप्रिलमध्ये पैसे काढणारा वाचला, जूनमध्ये लेकराची फी भरायची होती तो सापडला. म्हणून निफ्टीच्या फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडात, तोच पैसा घालावा, ज्याला सात-आठ वर्षं हात लावायचा नाही.

कोर्टाचा निकाल मात्र नेमका एखाद्या धंद्यावर पडतो आणि तिथंच ठाण मांडतो. 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाने एजीआरचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या ज्या उत्पन्नावर सरकारची फी मोजायची त्याचा, निकाल सरकारच्या बाजूने दिला. या कंपन्यांवर सुमारे 92 हजार कोटींचा बोजा आला, व्होडाफोन आयडियाचा शेअर त्याच दिवशी कोसळला आणि कंपनीचं दुखणं पुढं वर्षानुवर्षं चाललं. 2014 मध्ये 214 कोळसा खाणपट्टे असेच एका आदेशाने रद्द झाले. असा एकच शेअर घेऊन बसलेल्याला थांबून काय मिळणार? निफ्टीच्या फंडात अशी कंपनी पन्नासातली एक असते. एकेकटा शेअर मी त्याला घेऊच दिला नाही.

सोनं युद्धात चढतं हे खरं, पण अर्धंच. मार्च 2022 मध्ये ते औंसाला 2,000 डॉलरच्या वर गेलं आणि युद्ध चालू असतानाच वर्षअखेरीआधी 1,650 च्याही खाली आलं. शिवाय 23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये आयात शुल्क 15 वरून 6 टक्के झालं आणि सराफ्यातला भाव दोन-तीन दिवसांत उतरला. दागिना केला तर घडणावळ परत मिळत नाही. लग्नकार्यापुरतं घ्यावं.

एफडीला युद्ध कळत नाही. बँक बुडाली तरी एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे, म्हणून त्यापुढची रक्कम दुसऱ्या बँकेत.

आपलं उत्पन्नही जगाच्या बाजाराला बांधलेलं आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच युद्धाने सूर्यफूल तेल अडलं आणि सोयाबीन क्विंटलला सात हजारांपुढं गेलं. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्के झालं, बाहेरचं तेल स्वस्त झालं की सोयाबीनचा भाव दबतो, त्याची झळ आपल्यालाच. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी मोडायला एफडी हवीच.

भाच्याच्या लेकीची कॉलेजची फी दीड वर्षावर आहे, ती आधी एफडीत घातली. पगारदारासारखी एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात घालणं, त्याला जमणार नाही, कारण पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो. म्हणून उरलेली रक्कम लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, ठेवून तिथून दर महिन्याला थोडी थोडी निफ्टीच्या फंडात वळवायचा फॉर्म परवा भरला.