फिश टँकचा कूलिंग फॅन १४ महिने वापरला, वारा झकास पण चकती भंगार

काल परत सेन्सरची ती रबरी चकती सुटली म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर मी रिव्ह्यू बिव्ह्यू लिहिणाऱ्यातली नाही.

टँक मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याचा, १२० लिटर, नेरूळला, हॉल पश्चिमेला म्हणजे दुपारी तीननंतर भट्टीच. दोन क्लाऊन मासे, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिंप, थोडे सॉफ्ट कोरल (प्रवाळ). फॅन म्हणजे तो चार पंख्यांचा क्लिपवाला सेट, सोबत टेंपरेचर कंट्रोलर (पाणी तापलं की फॅन चालू, गार झालं की बंद), मागच्या मार्चमध्ये १८५० ला घेतला. चिलरचं (पाणी गार करणारं मशीन) कोटेशन ३४ हजार आलेलं. तेवढ्यात आमच्याकडे नवीन फ्रीज येतो आणि वर पैसे उरतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आधी चांगलं सांगते. मार्चमध्ये पाणी दुपारी ३० ला जायचं, फॅन लावल्यावर २७ च्या वर गेलंच नाही. मरीनला २४ ते २७ मस्त, २८ पण चालतं, ३० च्या वर रोज जायला लागलं की मासे धापा टाकतात आणि कोरल आकसून बसतात. एकतर गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. वीज अगदीच नगण्य, आवाज टेबलफॅनपेक्षा कमी. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण हा फॅन पाणी गार करतो ते पाणी उडवून, म्हणजे वाफ करून. माझ्याकडे दिवसाला दोन-तीन लिटर उडायचं. उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणजे दोन दिवस भरायला विसरलात तर खारटपणा ३५ वरून ३६ च्या पुढे. भरायचं ते साधं आरओचं, खारं नाही, हे मला माहीत असून पहिल्या आठवड्यात घाईत मी मिठाचंच ओतलं होतं. ऑटो टॉपअप (पाणी आपोआप भरणारं) घ्यायच्या विचारात होते तर सासूबाईंनी काचेला बाहेरून एक टिकली चिकटवली आणि म्हणाल्या, "अगं पाणी इथपर्यंत ना? मग सकाळी तुळशीला घालते तेव्हा ह्याला पण घालते." चौदा महिन्यांत एक खाडा नाही. टिकली दोनदा बदलली फक्त.

आता चकती. कंट्रोलरचा सेन्सर काचेला चिकटवायला जी रबरी चकती दिलीय ती खाऱ्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत दगड होते आणि सुटते. मागच्या मे मध्ये मी ऑफिसमधून आले तर कंट्रोलरवर २६.८, फॅन बंद, सगळं आलबेल. पण क्लाऊन दोघं वर पाण्याच्या तोंडाशी, कल्ले फडाफडा. काचेचा जुना थर्मामीटर बघितला तर ३१.५! तो ओला सेन्सर पाण्याबाहेर लटकत होता, फॅनच्या वाऱ्यात. ओलं फडकं वाऱ्यात गार होतं तसंच, त्याला वाटलं पाणी गार आहे, झाला फॅन बंद. जरा तापला की दोन मिनिटं फॅन चालू, परत बंद, असं दिवसभर चाललं असणार. लाईट बंद केली, पंपाचं तोंड वर करून पाणी खळखळवलं, बर्फाची झाकण बंद बाटली सोडली. बर्फ थेट टाकायचा नाही, खारटपणा पडतो, आणि घाईही करायची नाही, तासाला एक अंशाच्या आत उतरवायचं. रात्री साडेअकराला २८.५ वर आलं. मासे सगळे वाचले, एक झोआ (छोटा कोरल) गेला.

सर्व्हिसला फोन केला तर म्हणे चकती कन्झ्युमेबल, वॉरंटीत नाही, सुटी मिळणार नाही, अख्खा सेन्सर घ्या, ६५० रुपये. दहा रुपयाच्या रबराला साडेसहाशे! चार फोन, दोन ईमेल, फोटो पाठवले, शेवटी "फीडबॅक नोंदवलाय". नोंदवा.

(इथपर्यंतचं काल रात्री लिहिलं. सकाळी परत वाचल्यावर वाटलं फॅनवर जरा अन्याय होतोय, आणि थोडा उगाच न्याय पण.)

म्हणजे असं की फॅन ऑक्टोबर हीटला सगळ्यात भारी चालला, हवा कोरडी होती म्हणून. मे च्या शेवटी हवा चिकट झाली की पाणी उडतच नाही, पंखे गरगर फिरतात आणि फरक जेमतेम एक अंश. जुलैत तर शून्य, पण तेव्हा खोलीच गार असते त्यामुळे निभावतं. म्हणजे ज्या पंधरा-वीस दिवसांसाठी घेतला त्याच दिवसांत तो हात वर करतो. हा दोष कंपनीचा नाही, आपल्या खाडीकाठच्या हवेचा आहे. त्या दिवसांत मी टँकची लाईट संध्याकाळी सात ते रात्री एक करते आणि दुपारी एसी २७ वर ठेवते. नवरा म्हणतो आम्हाला एसी लावायला बिल आठवतं आणि माशांना नाही, बरोबरच आहे त्याचं, पण दोन महिन्यांचं वाढीव बिल धरून पण चिलरच्या पासंगाला पुरत नाही. आणि ठाण्यात ओळखीतल्या एकाने चिलर बंद कपाटात ठेवला, तो स्वतःच्याच गरम हवेत शिजत दिवसभर चालू, पाणी २९. त्यामुळे चिलर म्हणजे सुटका असं पण नाही.

लोक म्हणतात समुद्र पण मे मध्ये तापतोच की. तापतो, पण हळूहळू, आठवड्यांनी. माझा टँक सेन्सर सुटला त्या दिवशी सकाळी २७ होता, मी आले तेव्हा ३१.५.

घ्यायचा तर घ्या, वेगळा थर्मामीटर नक्की ठेवा, कंट्रोलरच्या आकड्यावर झोपू नका. सेन्सरला सध्या सासूबाईंचा कपड्यांचा चिमटा लावलाय, पूर्ण प्लास्टिकचा, स्प्रिंगवाला गंजतो. डझन ४० रुपये, आणि अकरा अजून शिल्लक आहेत.